चाकं गोल असली की झालं

५ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब खाली येईल." मी म्हटलं, मग मला वही पुरायची नाही, छापखानाच लागेल. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनाही रक्तदाब असावा.

लेकीला फोनवर हे कळलं आणि चार दिवसांत तिने ही दैनंदिनी धाडली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, "बाबा, खरं खरं लिहा." मी खोटं कधी बोललोय? "मंगळवारी जिना तयार होईल" एवढं सोडलं तर.

तर आजचा राग. नव्या बंगल्यांच्या वसाहतीत जिन्याचं माप घ्यायला गेलो होतो. पहारेकरी फाटकातच हात आडवा करून म्हणाला, "टेम्पो मागच्या फाटकाने." मी म्हटलं, "हा टेम्पो नाही, पिकअप आहे." तो खाली वाकला, माझ्या चाकांकडे बघितलं, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या फाटकाने." शेजारी बायको बसली होती. ती म्हणाली, "अहो, फाटक ते फाटक. चला." गेलो मागून. पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याला सांगितलं तर म्हणतो, "दाजी, गाडी दणकट आहे हो तुमची. पण कोट घालून पायात स्लिपर घातल्यासारखी दिसते." मेहुण्याकडे जीप आहे, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ आहे.

पण खोटं कशाला बोला, टायर झिजलेच आहेत. पुढचा डावा तर रंधा मारल्यासारखा गुळगुळीत झालाय. बदलायचेच आहेत, तर मग असे बदलू की बघत राहावं.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज राग नाही, तरी लिहितो. लेक म्हणाली, रोज नाही तर निदान अधूनमधून लिहा.

तीस वर्षं मी लाकडी जिने करतोय. बाकी सुतार कपाटं करतात, पलंग करतात. मी फक्त जिने. जिन्याचं एक शास्त्र आहे आणि ते माझ्या बोटांत आहे. पायरीची उंची सात इंच. सातला माणूस चढतो, आठला कुरकुरतो, नऊला घर विकतो. आणि सगळ्या पायऱ्या सारख्या. त्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच फरक पडला तरी पायाला कळतं.

दुसरी गोष्ट कुठल्या पुस्तकात मिळायची नाही. पायरी उंच आहे असं माणूस कधी तोंडाने बोलत नाही. त्याला लाज वाटते. तो पायरीकडे बघतो आणि नेमकं तेव्हाच त्याला काहीतरी आठवतं. चष्मा राहिला, फोन राहिला, दूध उतू जाईल. असं कोणाला जिन्यापाशी आठवायला लागलं की मी टेप काढतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही.

मापाला बायको बरोबर असते. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच. ती टोक धरते, आकडे वहीत उतरवते आणि गिऱ्हाइकाला नसते प्रश्न विचारत बसते. घरात ती टीव्हीशी बोलते, गाडीत माझ्याशी. लेकीचं लग्न, माझी सिगरेट सोडणं, घराचा रंग, सगळं गाडीत ठरलंय.

हल्ली मात्र आळशी झालीय. घरातला जिना एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरते, लहान मुलासारखी. मी म्हटलं, "अगं, मिस्त्रीच्या बायकोला शोभतं का हे?" ती म्हणाली, "सावकाश गेलं की घर नीट दिसतं."

१० फेब्रुवारी, शनिवार

टायरच्या दुकानात गेलो. मी, ही आणि मेहुणा.

टायरवाला काडीसारखा माणूस आहे. बोलतो कमी, खडूने फरशीवर लिहितो जास्त. त्याने माझ्या जुन्या टायरचं माप लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. म्हणाला, "मिस्त्री, हेच माप, नवा टायर, वजन पेलणारा. रिम चांगल्या आहेत, त्यांना हात लावू नका." झालं? मी काय शाळेची पाटी घ्यायला आलो होतो?

मेहुण्याने फोन पुढे केला. त्यात एक पिकअप चिखल उडवत डोंगर चढत होती. काळ्या अलॉय रिम, हातभर रुंद टायर, विटेएवढाल्या नक्षीचे, आणि गाडी अशी उंच की खालून कुत्रं मान न वाकवता जाईल. मी म्हटलं, "हे."

टायरवाल्याने सुस्कारा सोडला आणि खडूने लिहायला लागला. हे टायर लावले तर वळताना मडगार्डला घासणार. घासू नये म्हणून गाडी खालून उचलावी लागणार. उचलली की लाकूड चढवायला त्रास. नक्षी जाड, म्हणून रस्त्यावर आवाज. वेगाचा काटा खरं सांगणार नाही. मग त्याने एकदम विचारलं, "गाडीत कोण कोण बसतं?"

"हौद्यात लाकूड, पुढे आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि आमची मंडळी."

त्याने मागे वळून बघितलं. ही टायरच्या थप्पीवर बसली होती, बाजारात आल्यासारखी. तो म्हणाला, "मग जुनंच माप बरं." मी आणि मेहुणा पोट धरून हसलो. भित्रा माणूस. विकायला बसलाय आणि गिऱ्हाइकाला घाबरवतोय.

परत येताना गाडीत हिला विचारलं, "रिम काळ्या घेऊ की चंदेरी?"

ती म्हणाली, "चाकंच ना? गोल असली की झालं."

असल्या माणसाशी काय बोलायचं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मी काही मेहुण्यासारखा व्हिडिओ बघून उड्या मारणारा नाही. माप घेतल्याशिवाय मी दाराला कडीसुद्धा लावत नाही. दोन दिवस बसून प्लायवूडची चार चाकं कापली, अगदी खऱ्या मापाची. रुंदीसाठी तीन-तीन थर ठोकले. नक्षीसुद्धा कोरली. मग ती गाडीच्या चारही चाकांना टेकवून उभी केली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. काय दिसत होती!

शेजारच्या वकिलीणबाई कचरा टाकायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, लाकडाची चाकं? बैल कधी येणार?" मी दुर्लक्ष केलं.

मडगार्डपासून अंतर मोजलं. स्टेअरिंग पूर्ण फिरवून परत मोजलं. गाडी तीन इंच उचलायची आणि टायरमुळे अडीच इंच वाढणार, म्हणजे एकूण साडेपाच. हौद्याची उंची मोजली, टपावरच्या शिडीची मोजली, वर्कशॉपच्या दाराची मोजली. दारातून गाडी तीन सूत ठेवून आत जाते. एकूण बावीस मापं घेतली. एकही बाजू सोडली नाही. वहीत सगळं मीच लिहिलं, कारण ही म्हणाली तिला खाली वाकवत नाही. आळस, दुसरं काय.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आली!!

सकाळी टायरवाल्याकडे दिली, दुपारी ताब्यात घेतली. तो शेवटपर्यंत विचारत होता, "नक्की ना मिस्त्री?" मी म्हटलं, बाबा रे, लग्नातसुद्धा मला इतक्यांदा विचारलं नव्हतं.

उंचावरून जग वेगळंच दिसतं. रिक्षावाले माना वर करून बघतात. सिग्नलला एका बसवाल्याची आणि माझी नजरानजर झाली, बरोबरीच्या नात्याने. मुद्दाम त्या बंगल्यांच्या वसाहतीवरून गेलो. पहारेकऱ्याने आधी फाटक उघडलं आणि मग मला बघितलं. मला आत काहीच काम नव्हतं. एक चक्कर मारून बाहेर आलो. तरी जन्माचं सार्थक झालं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज नव्या चाकांवर पहिलं काम. हिला म्हटलं, चल. ती फ्लास्क, वही घेऊन बाहेर आली. मी आत बसून दार उघडून दिलं. तिने दांडीला हात घातला, खाली बघितलं, वर सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबा हं, गॅस बंद केला का बघून येते."

मी थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हॉर्न वाजवला. तिने खिडकीतून हात हलवला. "तुम्ही जा हो. बंद होता, पण आता आत आलेच आहे तर डाळी निवडते."

गॅस बंद होता तर मग यायला काय झालं? बायकांचं मला तीस वर्षांत कळलेलं नाही. फ्लास्क तेवढा खिडकीतून दिला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज दारापर्यंत आली आणि म्हणाली, वाळत घातलेले कपडे उडतील. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज फोन विसरली म्हणून आत गेली. फोन तिच्या हातात होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "मग चार्जर असेल."

मला आता शंभर टक्के कळलंय. ही रुसलीय. रिमचा रंग तिला विचारला आणि मग तिने रंग सांगायच्या आत काळ्या घेतल्या, म्हणून. मनातलं बोलायचं नाही आणि नाक फुगवून बसायचं. पण मीही काही कमी नाही. मीही बोलणार नाही.

टायरचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. रेडिओ ऐकू येत नाही. शेजारून कोणी बोललं तरी ऐकू यायचं नाही म्हणा. शेजारी फ्लास्क असतो. वळणावर आडवा होतो म्हणून आज त्याला सीटचा पट्टा लावला.

२ मार्च, शनिवार

न बोलण्याचं मला जमत नाही. हिला खूश करावं म्हणून तिच्या सीटवर टाकायला गादी आणली. चांगली चार इंच जाड, मखमली, जांभळी. तिला आवडतो तो रंग. मी स्वतः सीटला बांधली. हिला बाहेर बोलावून दाखवली.

तिने रस्त्यावर उभं राहून मान उंच केली आणि कितीतरी वेळ त्या गादीकडे बघितलं. मग म्हणाली, "वा. अजून वर गेली."

मला वाटलं, किंमत म्हणतेय. मी म्हटलं, "तुझ्यासाठी हौसेला मोल नाही." तर पदराने डोळे पुसत आत निघून गेली. आनंदाने असेल. पण मग उद्या तरी येईल की नाही?

४ मार्च, सोमवार

आली नाही. तिच्या भावाकडे जायचं म्हणाली. भाऊ आमच्याच ओट्यावर बसला होता.

माझं डोकं सटकलं. डॉक्टरांचं विसरलो आणि बोललो. म्हटलं, "नको येऊस. टेपचं टोकच धरायचं ना? त्याला माणूस कशाला, खिळाही धरतो!"

नेहमी मी एक म्हटलं की ती चार म्हणते. आज नुसतं "बरं" म्हणाली. मेहुणासुद्धा चप्पल घालून निघून गेला.

मग एका शिक्षिकाबाईंच्या घरी मापाला गेलो. दोन मजली नवं घर, अजून काम चालू आहे. खाली फरशी झालीय, वर नुसता कोबा. बाई, त्यांचा नवरा आणि बाईंची आई राहायला येणार आहेत. मी वरच्या कडेला खिळा ठोकला, टेपची कडी त्याला अडकवली, खाली उतरलो, माप घेतलं. आठ फूट दोन इंच. सातने भागलं, चौदा पायऱ्या. चोख. पाच मिनिटांत काम. हिच्याबरोबर अर्धा तास जातो, कारण ही बाईंना विचारत बसली असती की स्वयंपाकघर कुठे, ओटा केवढा, फरशी कुठली.

बघा, खिळा पुरला की नाही.

८ मार्च, शुक्रवार

पाठ धरली. हौदा उंच झाल्यापासून फळ्या खांद्याच्या वर उचलाव्या लागतात. वयाचा आणि याचा काही संबंध नाही.

डॉक्टरांकडे गेलो होतो. रक्तदाब वाढलाय. विचारत होते, "लिहिता ना?" म्हटलं, लिहितो. "मग काही नवीन ताण?" म्हटलं, उलट आनंदच आहे, नवीन चाकं लावलीत. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं.

दवाखान्यातून येताना गाडीत मोठ्याने म्हणालो, "डॉक्टरला काही कळत नाही." शेजारून कोणी "तुम्हालाच सगळं कळतं" म्हणालं नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं. खरं लिहायचं म्हणून लिहितोय.

१५ मार्च, शुक्रवार

रात्री पलंगाखाली जोडे शोधताना शेकायची रबरी पिशवी सापडली, कोमट होती. हिला विचारलं तर म्हणाली, "पाय गार पडतात." मार्चात?

लेकीला फोन केला आणि सांगितलं, तुझी आई तीन आठवडे झाले गाडीत बसत नाही. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला विचारलंत का?" मी म्हटलं, विचारायचं काय, मला माहितेय, रिमचा रंग. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जिने छानच करता हो." हे मध्येच काय? पोरगी कामाच्या ताणाने काहीबाही बोलायला लागलीय.

२३ मार्च, शनिवार

आज लिहायला हात धजत नाही. पण पहिल्या पानावर लेकीने लिहून ठेवलंय, तेव्हा लिहिणं भाग आहे.

शिक्षिकाबाईंचा जिना गेल्या आठवड्यात बसवून दिला होता. आज त्या मंडळींचा घरात राहण्याचा पहिला दिवस. बाई म्हणाल्या, मिस्त्री, या, बघून जा. गेलो. जिना झळकत होता. त्यानंतर वर फरशी बसली होती, सुंदर, निळसर. मी मनात म्हटलं, वा.

बाईंच्या आई पंच्याहत्तरीच्या असतील. कठड्याला हात लावून चढायला लागल्या. तेरा पायऱ्या अशा चढल्या की मला माझंच कौतुक वाटलं. चौदाव्या पायरीपाशी थांबल्या. खाली बघितलं. वर बघितलं. आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझा चष्मा खाली राहिला वाटतं."

चष्मा डोळ्यांवर होता.

लेक-जावई हसले. मी हसलो नाही. माझा हात आपसूक खिशात गेला आणि टेप बाहेर आला. शेवटची पायरी नऊ इंच. मी माप घेतलं तेव्हा वर नुसता कोबा होता. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंच, ते सगळे शेवटच्या पायरीच्या डोक्यावर बसले. तीस वर्षांत ही चूक माझ्या हातून झाली नाही. का झाली नाही, ते तिथे जिन्यात उभ्या उभ्या कळलं. प्रत्येक घरात टेपचं टोक धरून ही विचारायची, "बाई, फरशी झालीय की अजून बसायचीय?" मला वाटायचं गप्पा मारतेय. खिळ्याने फरशीचं विचारलं नाही.

बाईंना म्हटलं, चूक माझी आहे, सगळा जिना नव्याने सारखा करून देतो. आजींना म्हटलं, "आजी, तुमचा चष्मा जागेवर आहे. पायरी जागेवर नाही." आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी आई आठवली.

मग बाहेर आलो. गाडीजवळ उभा राहिलो. आणि मला आठवायला लागलं. गॅस. कपडे. फोन. चार्जर.

रस्त्यावर गुडघे टेकले आणि टेप लावला. जमिनीपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत साडेतेवीस इंच. बावीस मापं घेतली होती मी, लाकडाची चाकं कापली होती. हे एक घेतलं नव्हतं. आणि त्यावर गादी टाकली, जांभळी.

लोक बघत होते. बघू देत.

२४ मार्च, रविवार

काल घरी येऊन हिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "गुडघा दाखव." ती म्हणाली, "इश्श, काहीतरीच." मी म्हटलं, "दाखव." उजवा चांगलाच सुजलाय. आठ महिन्यांपासून दुखतोय. आठ!

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मिस्त्रीच्या बायकोला पायरी चढवत नाही म्हणू? गावभर हसं व्हायचं तुमचं. आणि त्या चाकांवरून लहान पोरासारखा हात फिरवत होतात. कोणत्या तोंडाने सांगायचं?"

मग तिने खरं ते सांगितलं. "मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मग राहा तू घरी. आणि म्हणालातच की. खिळाही धरतो म्हणालात."

मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. म्हटलं, "खिळा चुकला गं. पुरा दोन इंच चुकला." आणि तिला आजींचं, चष्म्याचं, नऊ इंचांचं सगळं सांगितलं. ती आधी डोळे पुसत होती, मग हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "चष्मा! मला का नाही सुचला?"

मेहुणा आला. त्याला सगळं कळल्यावर म्हणाला, "सोपं आहे दाजी, गाडीला चार पायऱ्या लावा." ही म्हणाली, "हो, आणि कठडा लाव, वर एक घंटाही लाव. मी उंटावरून शेळ्या हाकत जाते."

२५ मार्च, सोमवार

हिला आधी डॉक्टरांकडे नेलं, रिक्षाने. गुडघ्याला पट्टा, व्यायाम, आणि वजन कमी करा म्हणाले. ही म्हणाली, "यांना मीठ कमी, मला वजन कमी. तुमच्या दवाखान्यात काही जास्त मिळतं का?" डॉक्टर पहिल्यांदा हसले.

मग टायरवाल्याकडे. शब्द जुळवत गेलो होतो. म्हटलं, जुन्या मापाचे नवे टायर हवेत, आणि गाडी होती तेवढी खाली आणा. रिम नव्या बघाव्या लागतील, जुन्या तुम्ही भंगारात दिल्या असतील.

तो मागे गेला आणि माझ्या चारही जुन्या रिम घेऊन आला. पुसून, रंग मारून ठेवलेल्या.

"ठेवल्यात कशा?"

"वहिनी त्या दिवशी टायरवर बसल्या होत्या ना," तो म्हणाला. "उठताना दोन्ही हात टेकून उठल्या. म्हटलं, मिस्त्री येतील परत. पंधरा दिवसांत याल वाटलं होतं. तुम्ही महिना लावलात."

पंक्चर काढणाऱ्याला एका नजरेत जे दिसलं, ते तिच्याशेजारी तीस वर्षं बसून मला दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खडू मागून घेतला आणि त्याच्या फरशीवर माझं नाव लिहून त्यापुढे मोठा भोपळा काढला. तो पुसू नका म्हटलं.

मोठी चाकं मेहुण्याच्या जीपला लागली. त्याची बायको अजून काही बोललेली नाही. दुपारी फक्त गॅस बघायला आत गेली होती म्हणे.

२८ मार्च, गुरुवार

गाडी खाली आली. पाय ठेवायची जागा जमिनीपासून अठरा इंच. पूर्वीही एवढीच होती, आणि ती दांडीला लोंबकळून चढायची, हे मला आता आठवतंय. अठरा इंच ही काय पायरी झाली? दोन दिवस बसून सागवानी घोडी केली, दोन पायऱ्यांची. सहा, सहा आणि सहा. कडा गोल केल्या. वरच्या पायरीला दोरी बांधली, म्हणजे आत बसल्यावर ओढून पायाशी घेता येते. माझा सगळ्यात लहान जिना. एवढा जीव लावून मी कुठलाच जिना केलेला नाही. वकिलीणबाई कचरा टाकता टाकता थांबल्या, म्हणाल्या, "हे बरं केलंत." बैलाचं काही बोलल्या नाहीत.

सकाळी शिक्षिकाबाईंकडे नव्याने माप घ्यायला निघालो. ही फ्लास्क, वही घेऊन बाहेर आली. मी उतरून घोडी लावली आणि बाजूला उभा राहिलो. हात द्यावा की नाही कळेना. ती एक पायरी चढली, दुसरी चढली, बसली, दोरी ओढून घोडी आत घेतली. गादीवर हात फिरवून म्हणाली, "ही राहू द्या. आता बरी आहे."

मी माझ्या बाजूने चढलो, सवयीने तिच्याशेजारच्या फ्लास्कला पट्टा लावला, गाडी सुरू केली. गिरणीचा आवाज गेलाय, सगळं कसं शांत. गिअर टाकला, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, थांबा."

ब्रेकवर पाय दाबून धरला. कसंबसं विचारलं, "काय राहिलं?"

"काही नाही हो," ती म्हणाली. "फ्लास्कचा पट्टा सोडवून मला लावते."